बसकी मोटार

आमचे सोलापूरचे घरमालक सहा फुटांच्या वर उंच होते आणि उंचीला जन्मभर भ्याले. उंचीला भिणारी माणसं मी पुष्कळ पाहिली आहेत. विहिरीत डोकावायला नको म्हणतात, गच्चीच्या कठड्यापासून लांब उभी राहतात, संपलं. मालकांचं भय हाडात मुरलेलं होतं. जी वस्तू जमिनीपासून वर उठलेली दिसे ती त्यांना सोसत नसे. तिला खाली आणेपर्यंत त्यांच्या जिवाला चैन नसे.

सोलापुरातला तीस सालचा मार्शल लॉ उठून फार दिवस झाले नव्हते, तेव्हा मी तिथल्या एका शाळेत मास्तर म्हणून गेलो. बरोबर बायको, आई आणि चार वर्षांची सुमी. गावात बिऱ्हाड मिळेना म्हणून विजापूर रस्त्याच्या बाजूला, वस्ती संपून शेतं सुरू होतात तिथं, या गृहस्थांच्या मागच्या दोन खोल्या घेतल्या. बोलणी करायला गेलो तेव्हा मालक म्हणाले, "बसा की मास्तर." मी खुर्चीवर बसायला गेलो तो खाली जातच राहिलो आणि शेवटी जवळजवळ जमिनीवर आदळलो. खुर्चीचे पाय वीतभर ठेवून बाकीचे करवतीनं कापलेले होते. टेबलाचंही तेच. पलंगाला पायच नव्हते. भिंतीवरच्या तसबिरी कमरेएवढ्या उंचीवर टांगलेल्या, आणि समोर तसल्याच खुर्चीत, गुडघे कानांशी घेऊन, मालक गंभीरपणे मला चहाचा आग्रह करत होते. हसू दाबता दाबता माझ्या नाकी नऊ आले.

आईला मात्र हसू आलं नाही. अंगणातलं तुळशीवृंदावन मालकांनी फोडून पाटाएवढं बुटकं केलं होतं. "तुळशीला बी सोडलं न्हाय की ह्या बाबानं," आई म्हणाली. ती बार्शीकडच्या खेड्यातली. माणूस कसा आहे हे ती त्याच्या तुळशीवरून ठरवायची.

"वरचं ते कधीतरी खाली येणारच, मास्तर," मालक म्हणत. "आपण आधीच आणून ठेवलं, तर आवाज होत नाही." पहिल्यांदा ऐकलं तेव्हा मला गंमत वाटली. पुन्हा पुन्हा ऐकल्यावर वाटेनाशी झाली.

कोपऱ्यावरचा तंबाखूवाला सांगे, की मालक तरुणपणी गिरण्यांच्या बांधकामावर ओव्हरसियर होते. एका गिरणीचं धुराडं चढवताना बांबूंची परांची तुटली आणि वर त्यांचा धाकटा भाऊ होता. खरं खोटं देव जाणे. मी विचारलं नाही आणि त्यांनी सांगितलं नाही. एकदाच, गिरणीचा भोंगा वाजत असताना, आपल्याशीच बोलल्यासारखे म्हणाले, "पडणारा माणूस ओरडत नाही. खालचे ओरडतात." एवढं बोलून चहा पीत राहिले.

बायको नव्हती, मूलबाळ नव्हतं. लग्न केलं होतं का, हेही कुणाला ठाऊक नव्हतं. त्या घरात एकच माणूस ऐसपैस वावरायचं, ते म्हणजे सुमी. ते घर मुळी तिच्याच मापाचं होतं. कापलेल्या खुर्चीवर तिचे पाय नीट जमिनीला टेकत, टेबल तिच्या छातीशी येई, तसबिरीतले देव तिच्या डोळ्यांना डोळा देत. ती मालकांना आबा म्हणे. सकाळी उठली की तोंडही न धुता तिकडे पळे आणि दोघं समोरासमोर बसून बशीतून दूध पीत. जगात आपल्याशी सरळ नजरेनं बोलणारा एक मोठा माणूस आहे, याचा तिला केवढा अभिमान. मालकांच्या चेहऱ्यावर हसू मी पाहिलं ते फक्त तेव्हाच.

त्यांना एक खोड होती. बोलता बोलता ते खाली वाकून हाताचा पंजा जमिनीवर ठेवत आणि कानोसा घेतल्यासारखे थांबत. "होटगीची गाडी सुटली," म्हणत. किंवा, "मागल्या वाडीला बैल चौखूर उधळलाय." बहुतेक वेळा खरं निघे. सुमीनंही ते उचललं. एकदा दोघं अंगणात असे पंजे टेकून बसलेली मी पाहिली.

"आबा, कोणतरी येतंय," सुमी म्हणाली.

"कोण?"

"ठाऊक नाही. हळूहळू येतंय."

मालकांनी तिचा हात जमिनीवरून उचलला आणि आपल्या धोतराला पुसला. त्यानंतर तो खेळ त्यांनी बंद केला.

मोटार त्यांनी एका गिरणीच्या मॅनेजराकडून घेतली होती. कापडी टपाची जुनी गाडी, तोंडाला पितळी दिवे, आणि उंच एवढी की चढायला पायरीवर पाय देऊन घोड्यावर बसल्यासारखी उडी मारावी लागे. उंचीला भिणाऱ्या माणसानं असली गाडी घ्यावी कशाला, हे मला बरेच दिवस कळलं नाही. बहुधा खाली आणायला म्हणूनच घेतली असावी.

मी तिच्यात पहिल्यांदा बसलो ते कंबर तलावाच्या वळणापर्यंत. वळणावर गाडी एका अंगावर कलली. मी मालकांवर जाऊन पडलो, मालक दारावर, आणि आतल्या बाजूचं चाक जमीन सोडतंय की काय असं वाटलं. गाडी सरळ झाली तेव्हा मालकांचा चेहरा पांढराफटक पडला होता. ते गाडी थांबवून खाली उतरले आणि रस्त्यावर चक्क मांडी घालून बसले. येणारेजाणारे बघत होते. बऱ्याच वेळानं म्हणाले, "हिला खाली घ्यायला पाहिजे."

मग मिस्त्री आला. हा एक वयस्कर मुसलमान लोहार, टांगे सोडून मोटारींच्या कामाला लागलेला. मोटारीचं सगळं अंग ज्यांच्यावर झुलतं ते पोलादी पाटे त्यानं सोडवले आणि मालकांच्या सांगण्यावरून दोन-तीन पाटे काढून टाकले. गाडी खाली आली खरी, पण पाटे कमी झाल्यानं मऊ पडली आणि दर खड्ड्याला बूड आपटू लागली. मग मिस्त्रीनं ते पाटे भट्टीत घालून त्यांची कमान ठोकून सपाट केली. गाडी आणखी खाली आली. तरी मालकांचं समाधान नाही. शेवटी त्यांनी अशी युक्ती काढली, की पाटे चाकांच्या आसावर बसवलेले होते ते काढून आसाच्या खालून बांधायचे. म्हणजे गाडी आसावर बसायची ती आता आसाला टांगलेली राहणार.

मिस्त्री हे ऐकून हातोडा खाली ठेवून बसला. "मालिक," तो म्हणाला, "जमीन के इत्ते नजीक जाना अच्छा नै. जमीन पर क्या क्या पडा रैता."

पण त्यानं काम केलं. संध्याकाळी गाडी अंगणातल्या शेडमधून बाहेर आली तेव्हा आम्ही सगळे बघायला उभे होतो. रिकामी गाडी, आत चिटपाखरू नाही, आणि माणसांनी खच्चून भरल्यासारखी दबलेली. चाकं मडगार्डात निम्मी बुडालेली, पोट रस्त्यापासून चार बोटांवर. आईनं बराच वेळ बघितलं. "कुणीतरी बसलंय की हिच्यात," ती म्हणाली आणि सुमीला आत घेऊन गेली.

चालायला मात्र गाडी वेगळीच झाली होती. कंबर तलावाच्या त्याच वळणावर मालकांनी मला मुद्दाम नेलं, आणि पहिल्यापेक्षा जोरात गाडी घातली. मी दार घट्ट धरून बसलो होतो. धरायची गरजच पडली नाही. गाडी वळली ती जमिनीला चिकटून, पाटी ओढल्यासारखी सपाट. "बघा मास्तर," मालक म्हणाले, "पोटातलं पाणी हललं का?" हललं नव्हतं. त्यांच्या डोळ्यांत पाणी होतं. मी त्या माणसाला त्या दिवशी पहिल्यांदा सुखी पाहिलं.

या सुखाची किंमत साध्या रस्त्यावर मोजावी लागे. दगड आला की पोट घासे, खड्डा आला की मणक्यांचा हिशेब होई. गावात जाताना शेताच्या दगडी गडग्याच्या पलीकडून ती गाडी मुळी दिसतच नसे. दिसे ते नुसतं मालकांचं डोकं, काळी टोपी घातलेलं, गडग्याच्या काठावरून सरळ रेषेत सरकत चाललेलं. खालून घर्रर्र असा घासण्याचा आवाज. नवी पेठेत पोरं तिला बसकी म्हणत. आमच्या वस्तीत चेष्टा करण्याइतपत धीट कुणी नव्हतं. डोकं दिसलं की बाया पोरांना हाक मारून घरात घेत.

आणखी एक दोष तिला जडला. स्टेरिंगपासून पुढच्या चाकाकडे जाणारा दांडा पूर्वी आडवा होता. गाडी खाली आली तसा तो तिरका झाला. त्यामुळे चाक मोठ्या खड्ड्यात उतरलं की दांडा त्याला ओढी आणि गाडी, कुणी वळवल्याशिवाय, डावीकडे वळे. हे मला मालकांनीच समजावून सांगितलं, खडूनं जमिनीवर आकृती काढून. मला ते पटलं. पटूनही, त्यांच्या हातातलं स्टेरिंग आपोआप फिरताना पाहिलं की मी दार घट्ट धरून बसे. मिस्त्री म्हणाला होता, दांड्याचा हात थोडा वाकवला की ठीक होईल. मालकांनी नको म्हटलं. "राहू दे. तिला कुठं जायचंय ते कळतं तरी."

तिला कुठं जायचं असे, ते आम्हा सगळ्यांना लवकरच कळलं.

गावाकडून येताना आमच्या वस्तीचा रस्ता जिथं फुटे तिथं तिकटीवर एक कडुलिंब होता आणि त्याच्या समोरच रस्त्याला आडवी चर होती. आमच्या भागातले लोक उतारे टाकायला त्या तिकटीवर येत. घरात दुखणं हटेना झालं, की भात, लिंबू, मिरच्या, आजाऱ्याच्या कपड्याचा तुकडा असं काही बाही त्याच्यावरून उतरवून तिन्हीसांजेला तिकटीवर ठेवायचं. ठेवणाऱ्यानं जाता-येता बोलायचं नाही आणि मागं वळून बघायचं नाही. जो बघेल त्याच्यामागं ते येतं. टाकलेला उतारा कुणी ओलांडत नाही. बैलगाडीवाला बाजूनं घेतो, मोटारवाला दोन चाकांच्या मधून काढतो. उंच मोटारीला ते सोपं असतं.

बसकीला ते जमणं शक्य नव्हतं. चरीत चाक उतरे, गाडी डावीकडे कडुलिंबाखाली वळे आणि तिचं पोट तिथं जे असेल त्याच्यावरून घासत जाई. एकदा पुढच्या आसावर कुंकू लागलेलं दिसलं. एकदा पाट्यांच्या खाली निघालेल्या बोल्टांत लिंबू रुतून आलं. मालक ते काठीनं काढून टाकत आणि हात धुऊन चहाला बसत. वस्तीत बोलणं सुरू झालं, की ही गाडी उतारे खाते. मी शाळेत पदार्थविज्ञान शिकवणारा माणूस. मी लोकांना दांड्याची आकृती काढून दाखवली. लोकांनी नीट ऐकून घेतलं आणि तिकटी बदलायचं बघू म्हणाले. पण पिढ्यान्‌पिढ्यांची तिकटी कोण बदलणार.

हस्ताचा पाऊस पडत होता तेव्हा सुमीला ताप आला. डॉक्टर म्हणाले, मुदतीचा आहे, जपा. त्या काळी या तापावर औषध असं नव्हतंच. मुदत भरेपर्यंत पेज द्यायची, कपाळावर पाण्याच्या घड्या ठेवायच्या आणि वाट बघायची. पोर वाळून काटकी झाली. बायको उशापासून हलेना. मालक दिवसातून कितीदा तरी दाराशी येऊन उकिडवे बसत, आत येत नसत. दुसऱ्याच्या घरात माणूस आजारी असताना उंबऱ्याच्या आत पाय टाकू नये, असं काहीसं त्यांच्या डोक्यात होतं.

शेवटी आई मला म्हणाली, "बाबा, तू शिकलेला हाईस. तुला पटायचं न्हाय. पण मला एकदा उतरवू दे." बुडत्याला काडीचा आधार. मी हो म्हटलं. सुमीचा पिवळा, लाल ठिपक्यांचा परकर होता, बायकोच्या जुन्या लुगड्याचा शिवलेला. त्याचा घेर फाडून आईनं पुरचुंडी बांधली, पोरीवरून उतरवली आणि दिवे लागायच्या वेळेला तिकटीवर ठेवून आली. आल्यावर पाय धुतले, कुणाशी बोलली नाही. मालक त्या दिवशी गाडी घेऊन अक्कलकोटला गेलेले होते.

सकाळी सुमीचं अंग घामानं भिजलं. ताप उतरला. तिनं डोळे उघडून पेज मागितली. बायको रडली, मीही भिंतीकडे तोंड करून रडून घेतलं. आई एवढंच म्हणाली, "गेलं."

दुपारी गाडी परत आली. घर्रर्र आवाज फाटकातून शेडपर्यंत गेला. आणि तासाभरात सुमी पुन्हा तापली, आधीपेक्षा जास्त. बरळायला लागली. एकदा अगदी स्पष्ट म्हणाली, "आई, आबांच्या गाडीखाली कोण निजलंय?"

खिडकी शेडच्या बाजूला होती, तिनं कधीतरी बघितलं असेल, असं मी मनाशी म्हणत होतो. पण त्या खाटेवरून गाडीचं टपसुद्धा दिसत नव्हतं. आई उठून अंगणात गेली. गाडीखाली उभ्यानं बघता येत नसे. ती शेडच्या तोंडाशी जमिनीवर बसली आणि वाकली. परत आली आणि तिनं मला शेडकडे बोट दाखवलं. मी जाऊन पाहिलं. पुढच्या आसाखाली, पाट्यांच्या बोल्टांत, पिवळं फडकं अडकलं होतं. लाल ठिपके ओळखू येत होते.

आम्ही जे घरातून बाहेर टाकलं होतं ते गाडी घरात घेऊन आली होती.

मालक पालथे पडून ते बघत होते. एवढा उंच माणूस जमिनीला गाल लावून पडलेला. उठले तेव्हा अंगाला चिखल लागला होता, तो त्यांनी झटकला नाही. मी म्हणालो, "काठीनं काढून टाकू या, मालक. नुसतं फडकं आहे."

आई पुढं झाली. "हात लावायचा न्हाय कुनी. जिनं आनलं तिनंच न्यायचं. तितंच टाकायचं. आन् पोरीचा बाप संगं पायजे."

"आणि वाटेत पडलं तर?" मालकांनी विचारलं. त्यांनी ते इतक्या साधेपणानं विचारलं, की जणू रेल्वेचं वेळापत्रक विचारताहेत.

"मग ते पुन्हा उचलता न्हाय यायचं, ती वाट बी बंद झाली की, मालक."

ते थोडा वेळ सुमीच्या खिडकीकडे बघत उभे राहिले. मग म्हणाले, "मी आणलं. मी नेतो."

दिवस मावळताना आम्ही निघालो. फाटकाशी उंबऱ्याचा दगड होता, तिथं गाडी नेहमी घासे. पुरचुंडी आमच्याच दारात पडली असती तर काय, हा विचार दोघांच्याही मनात एकदमच आला असावा. मालकांनी गोणपाटं आणून दगडाच्या दोन्ही बाजूंना पसरली, चाकं त्यांच्यावरून अलगद काढली. गाडी मुंगीच्या पावलानं बाहेर आली. त्या वस्तीच्या रस्त्यावरचा प्रत्येक खड्डा मालकांनी असा चुकवला, जणू गाडीत तापलेलं दूध आहे. बोलायचं नव्हतं. मागं बघायचं नव्हतं. समोरच्या काचेला एक लहानसा आरसा लावलेला होता, मी तिकडेही नजर जाऊ दिली नाही.

कडुलिंब दिसला. येताना जो डावा ओढा गाडीला झाडाखाली नेई, तोच जाताना झाडापासून दूर नेणार होता. चाक चरीत उतरलं आणि स्टेरिंग फिरू लागलं. मालक त्याच्यावर अंग टाकून ते उलट ओढत होते. त्यांच्या मानेच्या शिरा मला दिसत होत्या. गाडी क्षणभर कुठंच गेली नाही, जागच्या जागी थरथरत राहिली, आणि मग झाडाकडे वळली. पोट दगडावर चढलं, घासलं, काहीतरी फाटल्यासारखा आवाज झाला. आम्ही पलीकडे गेलो.

पडलं का? मला कळायला मार्ग नव्हता. मालकांचा चेहरा समोर होता, दगडासारखा. आता वळसा घेऊन दुसऱ्या वाटेनं घरी जायचं, असं मी धरून चाललो होतो. पण त्यांनी गाडी विजापूर रस्त्याला घातली. कंबर तलावाचं वळण आलं. गाडी जमिनीला धरून सरळ वळून गेली, आतलं काहीसुद्धा हललं नाही, आणि त्या संध्याकाळी मी देवाजवळ मागत होतो की हलू दे, जरा तरी हलू दे, खाली अजून काही असेल तर गळून पडू दे. तलाव मागं पडला. अंधारून येत होतं. पुढं मालकांचंच एक शेत होतं, काळं रान, पावसानं भिजून लोण्यासारखं झालेलं. मालकांनी रस्ता सोडला आणि गाडी सरळ त्या रानात घातली.

ती थोडी गेली. मग चाकं रुतली, पोट चिखलाला टेकलं आणि इंजिन एक आचका देऊन बंद पडलं. आजूबाजूला एकदम शांत झालं. चिखल तिच्याखाली चुळचुळ आवाज करत होता. मालक उतरले. उतरायला त्यांना पाय खाली सोडावाच लागला नाही, जमीन दाराशी आली होती. त्यांनी गाडीवर हात ठेवला, काढला, आणि मला चला अशी खूण केली. बांधाबांधानं आम्ही घरी आलो. पाय धुतले. ते त्यांच्या खोलीत गेले आणि दार लावून घेतलं.

सुमीचा ताप त्यानंतर हळूहळू उतरत गेला. डॉक्टर म्हणाले, मुदत भरली. मीही वर्गात हेच सांगितलं असतं. दिवाळीला ती भिंत धरून चालू लागली.

गाडी तिथंच राहिली. मिस्त्री दोनदा येऊन म्हणाला, बैल लावून ओढून काढू. मालकांनी नाही म्हटलं. प्रत्येक पावसाळ्यात ती थोडी थोडी खाली जात होती. सोलापुरात रस्त्यावर पडलेला खिळासुद्धा लोक उचलून नेतात, पण त्या गाडीचे पितळी दिवे कुणी काढले नाहीत. पेरणीचा गडी तिला वळसा घालून पाभर हाकी.

मालकांत मात्र एक बदल झाला, आणि त्याचा आम्हाला फार राग आला. सुमी बरी झाल्यावर सकाळी उठून पहिल्यासारखी तिकडे पळाली, तर त्यांनी आतून कडी घातलेली. तिनं दार वाजवलं, हाका मारल्या. "आबा, मी हाय की." त्यांनी दार उघडलं नाही. अंगणात समोर आली तर ते बाजूला होत, लांबून बोलत, ती जवळ गेली की उठून जात. मांडीवर घेणं नाही, डोक्यावर हात नाही. पोर रडून रडून हिरमुसली. गाडी गमावल्याचा राग त्यांनी पोरीवर काढला, असं मला वाटलं. बायकोही चिडून म्हणाली, "मोटार प्यारी होती त्यांना." आई मात्र ते दिसले की पदर सावरून उभी राही, एवढं मी पाहिलं होतं.

पुढं माझी नगरला बदली झाली. स्टेशनवर मालक येतील असं वाटलं नव्हतं. आले. गाडीच्या डब्यापासून थोडे दूर उभे राहिले. मी खाली उतरून त्यांच्याजवळ गेलो. शिष्टाचाराचं काहीतरी बोलून झालं, मग ते एकाएकी म्हणाले, "मास्तर, त्या दिवशी तुम्ही मागं बघितलं होतं?"

"नाही," मी म्हणालो.

"चांगलं केलं." त्यांनी टोपी काढून पुन्हा घातली. "मी बघितलं. आरशात. न बघून चालणार नव्हतं मला, पडलं का नाही ते कळल्याशिवाय गाडी घरी कशी आणायची? तिकटीवर काही पडलेलं नव्हतं, मास्तर. तलावाच्या वळणावरसुद्धा नव्हतं. ते आपल्याबरोबरच चाललं होतं. तेव्हापासून ते माझ्यामागं आहे."

इतक्या दिवसांचा माझा राग गळून गेला आणि त्यांचे हात धरावेत असं वाटलं. पण गार्डनं शिट्टी दिली, बायकोनं हाक मारली, आणि मी धावत जाऊन डब्यात चढलो. सुमीनं खिडकीतून हात बाहेर काढला होता. "आबा," ती म्हणत होती, "हिकडं या की."

ते दोन पावलं मागं सरकले. गाडी हलली तसे आणखी मागं सरकले, भिंतीला पाठ लागेपर्यंत, आणि तिथं उभे राहून तिच्याकडे बघत राहिले.